मेंढरांच्या मागं कोण होतं

बापू, उद्या पितरांचं जेवण आहे आणि आईनं सकाळपासून मला तीनदा बजावलंय की तुमचं पान वाढायचं नाही. दरवर्षी सगळं तीच करायची, म्हणून हे नुसतं माझ्या कानावर पडायचं. यंदा तिचे गुडघे गेलेत, गॅसपुढं दोन मिनिटं उभं राहवत नाही, तेव्हा हात माझे आणि हुकूम तिचा. खाटेवर बसून विचारते, आळूची पानं आणलीस का, गवार कवळी हाय नव्हं, खिरीला दूध म्हशीचंच आण बरं का. तुमच्या आईवडिलांचं पान, तिच्या थोरल्या भावाचं पान आणि आपल्या धाकट्याचं पान. एवढ्याशा लेकराचं पितर घालत नसतात, असं तुळजापुरातल्या सगळ्या शहाण्यासुरत्यांनी तिला सांगून झालं. ऐकेल तर ती आई कसली! तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि बावीस वर्षं ती तुमच्या नावाचा घास बाजूला काढत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "पोटचं पोरगं सोडून ज्यानं कोकरू धरलं, त्याला म्या घास घालू व्हय?" लोक गप्प बसतात. मीही बसते.

आता गप्प बसायला जागा उरलेली नाही. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की हृदय पार थकलंय, जपा. जपा म्हणजे काय ते मला कळतं. पुढच्या पितरपंधरवड्याला ती असेल का नसेल, सांगता येत नाही, आणि ती अशीच गेली तर तुमच्यावरचा राग तसाच घेऊन जाणार. तो राग खोटा आहे हे जगात एका माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस शेजारच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलायचं सोडून इथं वही उघडून बसलंय. तेही कुणाला लिहीत, तर ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शिकून येडी झाली पोरगी." म्हणा. मला तुमचं म्हणणं ऐकायचंच आहे.

तो दिवस मी कितीदा लिहिला असेल! सवयीनं सुरुवात आपोआप येते: ऊन होतं. भाद्रपदातली दुपार, आपण ओढ्यापलीकडच्या माळावर, जळकोटच्या बाजूची आपली वाडी इथून दिसतेय. मी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. वरच्या अंगाला आभाळ काळंभोर झालंय आणि तुम्ही नाक वर करून वास घेताय. "तिकडं झोडपतंय. चला चला, पाणी यायच्या आत वढा वलांडू." मेंढरं पाण्यात पाय घालत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण लोकांसाठी लिहायची सवय लागलीय, हे कुणा तिसऱ्याच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. चार दिवसांचं कोकरू छातीशी धरून माणसानं पुढं व्हायचं, त्याची आई ओरडत मागं येते आणि तिच्या मागं अख्खा कळप येतो. आणि कळपाच्या मागं एक माणूस लागतोच, रेंगाळणाऱ्या मेंढरांना रेटायला. पुढं तुम्ही होता. मागं मी होते. उजव्या हातात काठी आणि डाव्या हातात धाकट्याचा हात. तुम्ही पाण्यात शिरताना वळून एवढंच म्हणालात, "त्याचा हात धरून ये." मी धरला होता. आपण निम्म्यात असताना वरून आवाज आला, शंभर गाड्या एकदम याव्यात तसा, आणि गुडघ्याएवढं पाणी बघता बघता माझ्या कमरेला आलं. काठी गेली. काठावरच्या बाभळीची मुळं उघडी पडली होती, त्यातलं एक माझ्या हाती लागलं. धाकटा हातात होता, मग नव्हता. तुम्ही पलीकडं पोचून मागं बघितलं तेव्हा मी दोन्ही हातांनी ते मूळ कवटाळून होते. तुम्ही कोकरू टाकलं आणि परत पाण्यात उडी घेतली, मला ओढून काठाला टाकलं आणि पुन्हा पाण्यात गेलात. पुन्हा पुन्हा गेलात. हे मी माझ्या गोष्टीत लिहिलेलं नाही बापू, तुम्ही किती वेळा परत पाण्यात गेलात ते.

दिवेलागणीला आपण घरी आलो. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, परातीत पीठ, चुलीवर तवा. तिनं आपल्या मागं बघितलं, दाराकडं बघितलं आणि विचारलं, "धाकटा कुठंय?" मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते, उघडलं होतं, काय बोलणार होते ते मला माहीत नाही. तुम्ही माझ्या पुढं येऊन उभे राहिलात, मला तिचं तोंड दिसेनासं झालं, आणि म्हणालात, "त्याचा हात माज्या हातात व्हता. कोकरू निसटाय लागलं आन् म्या दोन्ही हातांनी कोकरू धरलं." आई तुमच्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी जळाली, धूर झाला, कुणी तवा उतरवला नाही. मग तिनं पिठाच्या हातांनी तुम्हाला मारायला सुरुवात केली, छातीवर, तोंडावर, आणि तुम्ही हात खाली सोडून उभे राहिलात. मी तुमच्या मागं होते, तुमचं धोतर धरून. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला धाकटा सापडला.

त्यानंतर तुम्ही मेंढरं विकून टाकलीत. वाडीत बायका पाण्याला जाता-येता बोलायच्या, कोकरापायी पोरगं घालवलं म्हणून, आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढं जायचात. आपण तुळजापूरला आलो. ज्या माणसानं उभ्या जन्मात छपराखाली झोप घेतली नाही तो एका लॉजवर सोलापूरकडनं आलेल्या भाविकांच्या पिशव्या जिन्यानं वर नेऊ लागला. आई तुम्हाला जेवायला वाढायची, आजारात काढा द्यायची, कपडे धुवायची. बोलायची नाही. काही सांगायचं झालं तर मला म्हणायची, "सांग त्यांना." तुम्ही शेजारी बसलेले असायचात. मी दोघांच्या मधली तार झाले होते आणि मला त्या तारेचा भयंकर राग यायचा. एकदा, मी नववीत असताना, मी लॉजवर डबा घेऊन आले होते. तुम्ही जिन्याखाली बसून चादरींच्या घड्या घालत होता. मी म्हणाले, "बापू, मी आईला सांगणार आहे खरं काय ते." तुम्ही मला जन्मात एवढं कधी रागावला नव्हता. "गप! एक अक्षर तोंडातनं काढलंस तर याद राख. तिला एकच पोरगी राहिलीया. ती बी घालवू का तिची?" तुमचा आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला. तुम्ही पुन्हा घड्या घालायला लागलात. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सांगायचं नाही हा तुमचा हुकूम आहे, मी काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि तो हुकूम आजपर्यंत इमानानं पाळला.

मग मी कॉलेजात गेले आणि लिहायला लागले. कशावर लिहिलं असेल? मी तुमच्यावर गोष्ट लिहिली. पूर आलाय, धनगराच्या एका हातात मुलगा आहे, दुसऱ्या हातात कोकरू, आणि त्या एका क्षणी तीस वर्षांची सवय त्याच्या हातांना हुकूम देते. हात मुलाला सोडतात, कोकराला धरतात. त्याच्या मनाला कळायच्या आत. आणि त्याची मुलगी काठावर उभी राहून हे बघते. काठावर! गोष्ट दिवाळी अंकात छापून आली आणि ती मी तुम्हाला वाचून दाखवली. कुठली अक्कल होती मला तेव्हा, कुणास ठाऊक. त्याच जिन्याखाली, चादरींच्या ढिगावर बसून, मोठ्यानं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. झाल्यावर डोळे उघडलेत. मग म्हणालात, "झ्याक लिवलंय. फकस्त कोकरू पांढरं लिवलंस. काळं व्हतं त्ये." एवढंच. मी त्या अख्ख्या गोष्टीत एवढीच चूक केली होती असं समजून मी घरी आले. त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही मला पेन आणून दिलंत. खोलीत कुणीतरी विसरून गेलेलं शाईचं पेन. "सहा म्हैने वाट बघितली, कुणी न्यायला आलं न्हाय. आता तुजं." त्या पेनानं मी पुढचं सगळं लिहिलं. सगळ्या लिखाणात कुणीतरी संकटात सापडतं, कुणीतरी काहीतरी करतं, आणि मी काठावर असते.

लोकांना ती गोष्ट फार आवडली बापू. आदिम प्रेरणा म्हणाले, हाडामांसाचं लेखन म्हणाले, माणसातलं जनावर आणि जनावरातलं माणूस, आणि आणखी कायकाय. मला ती प्रशंसा गोड लागली, खोटं कशाला बोलू. तुम्ही गेलात तेव्हा एक दोन लेखक मंडळी भेटायला आली होती, ती तुमच्या हातांकडं बघत होती. हाराखाली, कापडाबाहेर आलेल्या तुमच्या हातांकडं. मला ते दिसलं आणि तरी मी काही बोलले नाही.

यंदा पाण्यानं आपल्या जिल्ह्याची पार वाट लावली. परांड्याकडं, भूमकडं नदी घराघरात शिरली, जनावरं दावणीला बांधलेलीच गेली, माती वाहून गेली आणि शेतात नुसता खडक उरला. तेव्हा धाराशिवच्या एका कॉलेजानं मला बोलावलं. आपत्तीत माणूस सहजप्रवृत्तीनं कसा वागतो आणि लेखक ते कसं रंगवतो, यावर बोला म्हणाले. मी गेले की! नवी साडी नेसून गेले. तासभर बोलले. अशा वेळी माणूस विचार करत नाही, त्याचं शरीर विचार करतं, लेखकानं शरीरावर नजर ठेवावी, न्याय करू नये. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. काटकुळी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. म्हणाली, "मॅडम, आमच्यात बी मेंढरं व्हती, आता गेली. तुमच्या गोष्टीत पुढं बाप आहे, कोकरू आहे, मुलगी काठावर आहे. मग मेंढरांच्या मागं कोण होतं? मागं माणूस असल्याबिगर मेंढरं पाण्यात उतरतच नाहीत." सभागृहात हशा पिकला. प्राध्यापक म्हणाले, खाली बस, गोष्ट आहे ती. मी म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि पाण्याचा ग्लास उचलला. ती पोरगी खाली बसली नाही. म्हणाली, "नाही म्हणजे, मी विचारलं कारण आमच्याकडं पाणी शिरलं तेव्हा मी आजीला ढकलून आधी पत्र्यावर चढले. नंतर तिला वर वढली. ती वाचली, पण आधी मी चढले. हे कसं लिहायचं?" बापू, ती हे असं बोलली, जसं कुणी पाऊस किती झाला ते सांगावं. विशीसुद्धा गाठली नसेल. मी तिला म्हणाले, तू जसं आता बोललीस तसंच लिही. आणि चहा न घेता बस पकडून घरी आले. तेव्हापासून मला जेवण जात नाही. वर्गात फळ्यापुढं उभी राहते आणि काय शिकवत होते तेच विसरते.

आई हाक मारतीय. गवार निवडायला घेते म्हणाली होती, ताट मागत असेल. येते.

आले. दोन तास झाले असतील. बापू, मी सांगितलं.

ती खाटेवर बसून शेंगा मोडत होती, मी खाली. ती म्हणाली, "वडे दहाबाराच कर, खाणारं हाय कोण? आन् त्यांचं पान—" "वाढायचं नाही, ऐकलं मी," मी वसकन् बोलले. मग मला माझाच आवाज ऐकू आला. मी म्हणाले, "आई, त्या दिवशी धाकट्याचा हात बापूंच्या हातात नव्हता." तिनं शेंग मोडली. "मग?" "माझ्या हातात होता. ते पुढं होते, मी मागं होते." तिचे हात थांबले. मला वाटलं तिचं काळीज इथंच बंद पडणार आणि मी दुसऱ्यांदा कुणाला तरी मारणार. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता, वाजतच होता. तिनं विचारलं, "मग त्यांनी तसं का सांगितलं?" मी म्हणाले, "तू मला मारशील म्हणून." "मारलंच असतं," आई म्हणाली. "जित्ती ठिवली नसती." असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. धाकट्यासाठी ती रडते तो आवाज मला पाठ आहे. हा तो नव्हता. तुम्ही गेलात त्या दिवशी ती रडली नव्हती, आज रडली. "वो, काय केलंत वो हे," असं तुम्हाला म्हणत होती. सरळ तुम्हाला. मधे मी नव्हते.

मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिनं विचारलं, "पाणी लई व्हतं का गं?" मी म्हणाले, व्हय. "मग पाण्यानंच वढून न्हेलं त्याला, तुज्या हातातनं." ती विचारत होती की सांगत होती, कुणास ठाऊक. मी म्हणाले, "व्हय." तिनं हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. "एवढीशी व्हतीस. तुजा काय दोष?" आणि मग, नाक ओढत, नेहमीच्या आवाजात, "त्यांचं पान वाढ. पयलं त्यांचंच वाढ. आन् वडे जास्त कर, त्यांना वडे लई लागायचे." आता ती झोपलीय. तोंड थोडं उघडं आहे, चेहऱ्यावर असं काही आहे जे मी लहानपणापासून बघितलं नव्हतं. डाळ भिजत घातलीय. उद्या तुम्ही जेवाल.

हे कागद मी कुठं पाठवणार? कुणाला दाखवणारही नाही, त्या पोरीलासुद्धा नाही. वर मी तुम्हाला लिहिलं की धाकटा हातात होता, मग नव्हता. लेखकाचं वाक्य आहे ते, मला लिहिता येतं तसं. पाण्यानं त्याला नेलं नाही बापू. ओढ होती, पण माझी मूठ घट्ट होती. बाभळीचं मूळ माझ्या एका हातात होतं, आणि धाकटा घाबरून दोन्ही हातांनी माझ्या दंडाला लोंबकळला, माझ्या अंगावर चढायला लागला, आक्का आक्का करत. त्याच्या वजनानं माझा मुळावरचा हात निसटायला लागला. मी त्याला झटकून टाकलं. एकदा झटकलं तर तो सुटला नाही, म्हणून दुसऱ्यांदा झटकलं. तुम्ही ते बघितलं होतं का, हे मला आजवर माहीत नाही, आणि विचारायची हिंमत तुम्ही असताना झाली नाही. तो सुटला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं, अजून वाटतंय. पण आधी मला हलकं वाटलं. आणि आज आईनं पाण्याचं नाव घेतलं तेव्हा मी विचारही न करता व्हय म्हणाले, आणि तेव्हाही मला तसंच हलकं वाटलं.